ख्रिस्तोफर स्ट्रॅची यांचे जीवनचरित्र : नाव, जागा आणि किंमत यांतला फरक सांगणारे शाळामास्तर



आज आपण एका अशा माणसाची माहिती घेणार आहोत, जो वयाच्या पस्तिशीपर्यंत शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत होता आणि पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठात संगणकशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्यांचं नाव ख्रिस्तोफर स्ट्रॅची. अकरावी-बारावीला पायथॉन शिकणाऱ्या मुलांना जो एक मुद्दा हमखास अडतो, तो सोडवायची रीत या माणसाने 1967 मध्येच नीट मांडून ठेवली होती. मुद्दा असा : एका फंक्शनच्या पोटात दुसरं फंक्शन असेल आणि दोघंही एकच चल वापरत असतील, तर तो चल संगणक नेमका ठेवतो कुठे? चला तर मग, आधी माणूस समजून घेऊ आणि मग त्यांचा विचार.

जन्म व घराणे

ख्रिस्तोफर स्ट्रॅची यांचा जन्म 16 नोव्हेंबर 1916 रोजी लंडनमधील हॅम्पस्टेड येथे झाला. घराणं मोठं आणि नावाजलेलं. आजोबा सर रिचर्ड स्ट्रॅची यांची बरीचशी नोकरी भारतात झालेली. वडील ऑलिव्हर यांनीही आपल्याकडे ईस्ट इंडियन रेल्वेत काम केलं होतं. पुढे ते इंग्लंडला परतले आणि सरकारच्या गुप्तलिपी खात्यात गेले. दोन्ही महायुद्धांत शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणे हे त्यांचं काम. आई रे स्ट्रॅची यांनी केंब्रिजला गणिताचं शिक्षण घेतलं होतं आणि स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून त्या आयुष्यभर झटल्या. प्रसिद्ध चरित्रकार लिटन स्ट्रॅची हे ख्रिस्तोफर यांचे काका.

म्हणजे घरात गणित होतं, कोडी होती, पुस्तकं होती. अशा घरातला मुलगा पहिल्या नंबरानेच येणार, असं कुणालाही वाटेल. पण तसं झालं नाही.

शिक्षण

शालेय शिक्षण नॉरफोकमधील ग्रेशॅम्स या शाळेत झालं. 1935 मध्ये त्यांनी केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात प्रवेश घेतला. अॅलन ट्युरिंग तेव्हा त्याच कॉलेजात फेलो होते आणि दोघांची ओळख तिथलीच. ही ओळख पुढे फार कामी आली.

कॉलेजात मात्र स्ट्रॅची यांचं अभ्यासात मन रमलं नाही. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी त्यांना मानसिक आजाराने गाठलं आणि काही काळ शिक्षण थांबवावं लागलं. बरे होऊन ते परत आले, परीक्षा दिली, आणि निकाल लागला तो दुसऱ्या श्रेणीच्याही खालच्या भागात. संशोधनाची वाट तिथेच बंद झाली.

पालकहो, इथे जरा थांबा. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, आजारातून उठलेला, हाती साधारण निकाल आणि आजूबाजूला सगळे नामवंत नातेवाईक. आपल्या घरात असा मुलगा असता तर आपण काय बोललो असतो, याचा प्रत्येकाने स्वतःशी विचार करावा. पुढची हकीकत वाचताना हा निकाल लक्षात असू द्या.

नोकरी आणि शाळा

1939 मध्ये ते एका टेलिफोन-तारा बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला लागले. युद्धाचे दिवस होते. रडारसाठी लागणाऱ्या इलेक्ट्रॉन नळ्यांची आकडेमोड त्यांच्याकडे आली. ती हाताने होण्यासारखी नव्हती, म्हणून डिफरन्शियल अॅनालायझर नावाचं चाकादांड्यांचं गणकयंत्र वापरावं लागलं. यंत्राकडून गणित करून घेण्याची गोडी त्यांना इथेच लागली.

युद्ध संपलं आणि स्ट्रॅची यांनी शिक्षकाची नोकरी धरली. 1945 पासून चार वर्षं कँटरबरीच्या सेंट एडमंड्स शाळेत आणि 1949 पासून हॅरो या शाळेत. हॅरो म्हणजे तीच शाळा, जिथे पंडित नेहरू लहानपणी शिकले. तिथे स्ट्रॅची मास्तरांचा दिवस आपल्यासारखाच जायचा. तास, वह्या, परीक्षा.

सुट्टीतला उद्योग

जानेवारी 1951 मध्ये एका मित्रामुळे त्यांची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या संगणकतज्ज्ञाशी भेट झाली. तिथे पायलट एस नावाचा संगणक नुकताच तयार झाला होता. स्ट्रॅची यांनी ठरवलं, या यंत्राला ड्राफ्ट्स हा सोंगट्यांचा खेळ खेळायला शिकवायचं. शाळा सांभाळून त्यांनी प्रोग्रॅम लिहिला. 30 जुलै 1951 रोजी तो चालवून पाहिला, तर संगणकाची सगळी स्मृतीच संपून गेली!

पण मास्तर थांबले नाहीत. मँचेस्टरला यापेक्षा मोठा संगणक आहे हे त्यांना कळलं. तिथे ट्युरिंग होते. त्यांच्याकडून माहितीपुस्तिका मिळवली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सुमारे हजार सूचनांचा एक प्रोग्रॅम लिहून काढला. त्या यंत्रावर एवढा लांबलचक प्रोग्रॅम त्याआधी कुणी चालवला नव्हता. रात्रभर बसून त्यांनी तो चालता केला आणि शेवटी यंत्राच्या भोंग्यातून इंग्लंडचं राष्ट्रगीत वाजलं. तिथले तज्ज्ञ थक्क झाले. पुढच्या वर्षी त्यांचा ड्राफ्ट्सचा खेळही त्याच यंत्रावर चालू लागला. यंत्राकडून प्रेमपत्रं लिहवून घेणारा गमतीचा प्रोग्रॅमही त्यांनी 1952 मध्ये केला.

जून 1952 मध्ये राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळाने त्यांना बोलावून घेतलं आणि त्यांची शाळा सुटली. त्यानंतर कॅनडात टोरांटोला जाऊन सेंट लॉरेन्स नदीवरील जलमार्गाचं किचकट गणित त्यांनी संगणकावर सोडवलं. पेगासस नावाच्या संगणकाची रचना ठरवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. 1959 मध्ये पॅरिसच्या परिषदेत त्यांनी एकाच संगणकाचा वेळ अनेक कामांत वाटून देण्याविषयी निबंध वाचला. त्याच वर्षी नोकरी सोडून ते स्वतंत्र सल्लागार झाले.

मूळ प्रश्न : एवढासा शब्द, पण अर्थ किती?

आता आपण मुख्य मुद्द्याकडे येऊ. संगणकाच्या वर्गात आपण फळ्यावर लिहितो : क्ष = क्ष + 1. गणिताच्या तासाला ज्या मुलाने समीकरणं सोडवली आहेत, ते मूल इथे गोंधळतं. क्ष आणि क्ष अधिक एक समान कसे असतील? त्याची शंका अगदी रास्त आहे.

स्ट्रॅची यांनी यावर दिलेलं उत्तर असं : बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडचा क्ष आणि उजवीकडचा क्ष यांचा अर्थ एक नाही. उजवीकडे क्ष म्हणजे किंमत. डावीकडे क्ष म्हणजे ती किंमत ठेवायची जागा. जागेतली जुनी किंमत वाचा, एक मिळवा, त्याच जागेत परत ठेवा. या दोन अर्थांना त्यांनी अनुक्रमे उजवं मूल्य आणि डावं मूल्य अशी नावं रूढ केली.

म्हणजे गोष्टी दोन नाहीत, तीन आहेत. नाव, जागा आणि किंमत. नाव आपल्याला जागा दाखवतं आणि जागेत किंमत असते. संगणकाला त्यासाठी दोन याद्या लागतात. पहिल्या यादीत कोणत्या नावाची कोणती जागा ते लिहिलेलं. दुसऱ्या यादीत कोणत्या जागेत कोणती किंमत ते लिहिलेलं. पहिलीला परिसर म्हणू, दुसरीला कोठार. किंमत बदलली की कोठार बदलतं, परिसर जसाच्या तसा राहतो. एवढा फरक हातात आला की पुढचं कोडं सुटतं.

बचतखात्याचं उदाहरण

समजा, ‘खाते’ नावाचं एक फंक्शन आहे. त्यात ‘शिल्लक’ हा चल आहे, त्याची किंमत 100. या फंक्शनच्या पोटात दोन छोटी फंक्शनं आहेत. ‘भर’ हे शिल्लक वाढवतं आणि ‘सांग’ हे शिल्लक दाखवतं. ‘खाते’ आपलं काम संपवताना ही दोन्ही फंक्शनं आपल्या हातात देतं आणि निघून जातं. आता आपण ‘भर’ला 50 दिले आणि मग ‘सांग’ला विचारलं. उत्तर 150 यायला हवं. येतंही.

पण बघा हं, यात अडचण काय आहे. साधारणपणे फंक्शन सुरू झालं की इंटरप्रिटर त्याच्यासाठी एक पाटी घेतो आणि त्याचे सगळे चल तिच्यावर मांडतो. फंक्शन संपलं की पाटी पुसली जाते. ‘खाते’ तर संपलं! मग शिल्लक पुसली जायला हवी होती. ती उरली कशी?

कुणी म्हणेल, दोन्ही फंक्शनांनी जाताना शिल्लक आपापल्या वहीत उतरवून घेतली असेल. तसं असतं तर ‘भर’च्या वहीत 150 झाले असते आणि ‘सांग’च्या वहीत 100 च राहिले असते. नवरा-बायकोचं संयुक्त खातं, पण दोघांची पासबुकं वेगळाच आकडा दाखवतात, असा तो प्रकार झाला असता.

खरं उत्तर असं की दोघांनी किंमत उतरवून घेतलेली नसते. दोघांकडे एकाच जागेचा पत्ता असतो. आणि ती जागा पुसल्या जाणाऱ्या पाटीवर नसून बाहेर, वेगळ्या खणात असते. ‘भर’ त्या खणात 150 ठेवतं, ‘सांग’ त्याच खणात डोकावतं.

स्ट्रॅची आणि लँडिन

1960 मध्ये स्ट्रॅची यांनी पीटर लँडिन या तरुणाला मदतनीस म्हणून घेतलं आणि त्यांना प्रोग्रॅमिंग भाषांच्या अभ्यासाला बरीच मोकळीक दिली. अलोंझो चर्च या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात फंक्शनांचं एक गणित मांडलं होतं. ते गणित प्रोग्रॅमिंग भाषा समजून घ्यायला वापरता येतं, हे लँडिन यांनी दाखवलं. 1964 मध्ये त्यांनी सांगितलं की आतल्या फंक्शनची किंमत म्हणजे नुसत्या सूचना नव्हेत. सूचना आणि ते फंक्शन जिथे जन्मलं तिथला परिसर, अशी ती जोडी असते. या जोडीला त्यांनी क्लोजर हे नाव दिलं. आज जगभर हाच शब्द वापरतात.

1962 पासून स्ट्रॅची केंब्रिजमध्ये सीपीएल नावाची नवी भाषा आखत होते. तिच्यात त्यांनी हा प्रश्न उघडपणे विचारात घेतला. आतलं फंक्शन बाहेरचा चल घेतं, तेव्हा त्याने काय घ्यायचं? त्या क्षणाची किंमत की जागा? किंमत घेतली तर फंक्शन कायमचं ठरून जातं, बाहेर काहीही बदललं तरी त्याचं उत्तर बदलत नाही. जागा घेतली तर बाहेरचा बदल आत दिसतो. दोन्ही प्रकार उपयोगाचे आहेत, म्हणून सीपीएलमध्ये दोन्हींची सोय ठेवली.

सीपीएल कधी पूर्णपणे संगणकावर उतरली नाही. पण तिच्यापासून मार्टिन रिचर्ड्स यांनी बीसीपीएल केली, तिच्यापासून बी आली आणि बीपासून आपल्या ओळखीची सी. गंमत म्हणजे सीमध्ये एका फंक्शनच्या पोटात दुसरं फंक्शन लिहिताच येत नाही. त्यामुळे सी शिकून आलेल्या शिक्षकांना हा प्रश्न पूर्वी भेटलेलाच नसतो आणि पायथॉन किंवा जावास्क्रिप्ट शिकवताना तो एकदम समोर येतो.

ऑगस्ट 1967 मध्ये कोपनहेगनच्या उन्हाळी वर्गात स्ट्रॅची यांनी या सगळ्याची व्याख्यानं दिली. त्या व्याख्यानांची टिपणं झेरॉक्स होत होत हातोहात फिरली. छापील रूपात ती आली थेट 2000 साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी. तोवर त्यातले शब्द संगणकशास्त्राची रोजची भाषा झाले होते.

आजचा पायथॉन काय करतो?

पायथॉनमध्ये 2001 पूर्वी आतल्या फंक्शनला बाहेरच्या फंक्शनचे चल दिसतच नसत. त्या वर्षी ही सोय आली. आज ती चालते अशी :

प्रोग्रॅम चालण्याआधीच पायथॉन तो वाचून काढतो आणि पाहतो की कोणता चल फक्त एकाच फंक्शनचा आहे आणि कोणता आतलं फंक्शनही वापरतंय. एकट्याचे चल पाटीवर जातात. सामाईक चलासाठी मात्र वेगळा खण केला जातो. पायथॉनमध्ये त्याला सेल म्हणतात. बाहेरच्या फंक्शनच्या पाटीवर त्या सेलचा पत्ता असतो आणि आतल्या प्रत्येक फंक्शनबरोबरही तोच पत्ता बांधून दिला जातो. बाहेरची पाटी पुसली तरी सेलला काही होत नाही. ज्याच्याकडे त्याचा पत्ता आहे असं शेवटचं फंक्शनही नाहीसं झालं, की मग तो खण मोकळा होतो.

ब्राझीलमध्ये तयार झालेल्या लुआ या भाषेची रीत थोडी निराळी आहे. तिथे बाहेरचं फंक्शन चालू आहे तोवर चल पाटीवरच राहतो आणि आतलं फंक्शन पाटीवरच्या जागेकडे बोट दाखवतं. पाटी पुसायची वेळ आली की तेवढा चल उचलून बाहेरच्या खणात हलवतात. पद्धत वेगळी, पण तत्त्व तेच. सर्वांनी एकच जागा पाहायची.

मुलं कुठे चुकतात?

हे समजलं की मुलांच्या तीन नेहमीच्या शंकांचं उत्तर आपोआप मिळतं.

पहिली शंका. ‘खाते’ दोनदा बोलावलं तर दोन खात्यांचे पैसे एकत्र होतील का? नाही. दर वेळी नवी पाटी, नवा खण. म्हणून खाती स्वतंत्र राहतात.

दुसरी शंका. ‘भर’मध्ये शिल्लक वाढवायला गेलं की चूक का दाखवते? कारण पायथॉनचा नियम असा की फंक्शनच्या आत ज्या नावाला किंमत दिली, ते नाव त्या फंक्शनचं स्वतःचं समजायचं. मग त्याच्या स्वतःच्या पाटीवर शिल्लक शोधतात आणि ती जागा रिकामी असते. म्हणून ‘नॉनलोकल’ हा शब्द लिहून सांगावं लागतं की ही जागा माझी नाही, बाहेरची आहे. हा शब्द 2008 च्या पायथॉन 3 पासून आला.

तिसरी शंका. लूपमध्ये 0, 1, 2 साठी तीन फंक्शनं बनवली, पण नंतर बोलावल्यावर तिन्ही 2 च का सांगतात? कारण तिघांकडे एकाच खणाचा पत्ता आहे आणि लूप संपताना त्या खणात 2 उरलेत. मुलाला वाटतं, आपण किंमत दिली. दिलेली असते जागा. स्ट्रॅची यांचा तोच जुना प्रश्न!

वर्गात करून पाहण्यासारखा उपक्रम

यासाठी संगणकही लागत नाही. एक पाटी घ्या, एक काड्यापेटीचं खोकं घ्या आणि थोड्या चिठ्ठ्या घ्या. एका मुलाला ‘खाते’ करा. त्याने खोक्यात 100 लिहिलेला कागद ठेवायचा आणि पाटीवर खोक्याचा क्रमांक लिहायचा, समजा 7. दुसऱ्या दोन मुलांना ‘भर’ आणि ‘सांग’ करून प्रत्येकाला चिठ्ठी द्या. चिठ्ठीवर 100 लिहायचं नाही, खोक्याचा क्रमांक 7 लिहायचा. मग ‘खाते’ने पाटी पुसून जागेवर जाऊन बसायचं. आता ‘भर’ला 50 मिळवायला सांगा आणि ‘सांग’ला विचारा. त्यानंतर हाच खेळ चिठ्ठीवर क्रमांकाऐवजी 100 लिहून खेळा. फरक मुलं स्वतःच सांगतील. आपण चल म्हणजे डबा एवढंच शिकवून थांबतो, तिथे डब्याचा क्रमांक लिहिलेली ही चिठ्ठी जोडायला हवी.

ऑक्सफर्ड आणि अखेर

1965 मध्ये ऑक्सफर्डला प्रोग्रॅमिंग संशोधन गट सुरू झाला आणि त्याची धुरा स्ट्रॅची यांच्याकडे आली. 1969 मध्ये तर्कशास्त्रज्ञ डेना स्कॉट तिथे आले. स्ट्रॅची यांची परिसर आणि कोठाराची मांडणी उपयोगी होती, पण तिच्या खाली भक्कम गणिती पाया नव्हता. तो स्कॉट यांनी घालून दिला. 1971 मध्ये स्ट्रॅची प्राध्यापक झाले. एकेकाळी खालच्या श्रेणीमुळे संशोधनाचं दार बंद झालेला विद्यार्थी आता दुसऱ्यांच्या संशोधनाला मार्गदर्शन करत होता.

त्यांनी छापलेलं लिखाण तसं थोडं. मनासारखं झाल्याशिवाय ते छापायला देत नसत. त्यांचं खरं काम बोलण्यातून, शिकवण्यातून आणि विद्यार्थ्यांमार्फत पुढे गेलं. 18 मे 1975 रोजी काविळीच्या आजाराने त्यांचं निधन झालं. वय अवघं 58.

समारोप

शिक्षक मित्रांनो, स्ट्रॅची यांनी संगणक पहिल्यांदा जवळून पाहिला तो वयाच्या चौतिसाव्या वर्षी, शाळेची नोकरी सांभाळून. प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञांना यंत्र वेगाने चालवायची घाई होती. या मास्तरांना घाई होती ती वेगळीच : आपण लिहितो त्या शब्दाचा अर्थ नक्की काय? बरोबरच्या चिन्हाच्या दोन बाजूंना क्ष आहे, पण दोन्हीकडे एकच गोष्ट म्हणायची आहे का? वर्गात एखादं मूल क्ष = क्ष + 1 पाहून हात वर करतं, तेव्हा त्याचा प्रश्न हाच असतो. त्याला असंच असतं, पाठ कर, असं सांगून खाली बसवू नका. नाव, जागा आणि किंमत या तीन गोष्टी त्याला वेगळ्या करून दाखवा.